सहा नंबरची सँडल

अयोध्येला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी तिनं आपल्या मायच्या पायांकडं पहिल्यांदा नीट बघितलं. आणि बघून तिला लाज वाटली.

पाहुणे जालन्याचे. मुलगा संपत, एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याच्यासोबत त्याची आई पुष्पाबाई आणि दोन काका. मंठ्याच्या वेशीबाहेर तिच्या बापाचं, कडूबाचं, पत्र्याचं घर, मागं चार एकर काळं रान. दारात चपलांची रांग लागली होती आणि त्या रांगेत पुष्पाबाईची टाचेची काळी सँडल उठून दिसत होती. तिला लागूनच मायची, म्हणजे साळूबाईची, रबरी स्लिपर पडलेली, निळ्या पट्ट्याची, अंगठ्याजवळ तुटलेली आणि सेफ्टीपिनेनं टाचलेली.

साळूबाई पोह्यांचं ताट घेऊन आली आणि सतरंजीवर ठेवायला वाकली. पाठमोरी झाली तेव्हा लुगड्याखालून तिच्या दोन्ही टाचा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. भेगा इतक्या खोल, की कापसाच्या प्लॉटातली माती त्यांत कायमची मुरलेली. किती घासल्या तरी निघायची नाही.

पुष्पाबाई हसून म्हणाली, "विहीणबाई थेट रानातून आल्या वाटतं."

बोलण्यात विष नव्हतं. विहीणबाई म्हणाली, म्हणजे मुलगी पसंत आहे असाच त्याचा अर्थ. सगळे हसले, आणि साळूबाई तर सगळ्यांत मोठ्यानं हसली. "हाव ना, सकाळी दोन पाती खुरपून आले," ती म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. अयोध्या मात्र खाली मान घालून बसली ती पाहुणे जाईपर्यंत. लोकांना वाटलं, मुलगी लाजाळू आहे.

अयोध्या डी.एड. झालेली. जांब समर्थला एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होती, तिथंच खोली करून राहत होती. घरात एवढं शिकलेली ती पहिलीच. तिच्या फीसाठी साळूबाईनं आठ वर्षं बियाणं कंपन्यांच्या प्लॉटवर फुलं तोडली होती, परागीकरण केलं होतं, दिवसभर उभ्यानं, अनवाणी. हे अयोध्येला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि त्या दिवशी सतरंजीवर बसून जे वाटलं ते वेगळं.

साखरपुडा जालन्यातच करायचा ठरला. कारखान्याचे लोक येतील, साहेब येतील, तेव्हा छोटं मंगल कार्यालय घेऊ, असं मुलाकडच्यांचं म्हणणं पडलं. अयोध्येनं दोन महिन्यांचा पगार साठवून ठेवला होता. ती मायला म्हणाली, "माय, आपण रविवारी जालन्याला जाऊ. तुला साडी घेऊ अन् चांगली चप्पल."

"मला कशाला गं? तुझं घे काहीतरी."

"माझं सगळं तिकडून येणार हाय. तुझंच घ्यायचं."

साळूबाईनं जास्त ताणलं नाही. लेकीबरोबर जालन्याच्या बाजारात फिरायचं, एवढ्यानंच ती खुलली होती.

त्या रविवारी मायलेकी सकाळच्या गाडीनं जालन्याला उतरल्या. साडीचं लवकर उरकलं. मोरपंखी रंगाची, काठ बारीक जरीचा. दुकानदारानं ब्लाऊजचा कपडाही लावून दिला. पण साडीतच बरेचसे पैसे गेले आणि चपलेसाठी सव्वाशे रुपये उरले. सव्वाशेत रबरी किंवा साधी चामडी चप्पल दोन वेळा आली असती. अयोध्येच्या मनात तसली नव्हती. तिला बंद सँडल हवी होती, मागून पुढून झाकलेली, जिच्यात टाच दिसणार नाही. हे तिनं मायला सांगितलं नाही. "आजकाल तशीच फॅशन हाय," एवढंच म्हणाली.

पहिल्या दुकानात काचेमागं घोट्यापर्यंतचे लेडीज बूट मांडले होते. साळूबाई काचेला नाक लावून बघत राहिली. "हे बाया घालत्यात? पोलिसाचे वाटून राह्यले." आत गेल्यावर किंमत ऐकूनच दोघी परतल्या. दुसऱ्या दुकानात पोरगेल्या मुलींच्या अरुंद सँडली, साळूबाईचं पाऊल त्यांत अर्धंही जाईना. तिचे पाय रुंद, पंजा पसरलेला. तिसऱ्या ठिकाणी नोकरानं तिचे पाय बघितले आणि न विचारताच प्लास्टिकच्या चपलांचा ढीग पुढं ओढला. अयोध्येची कानशिलं तापली. ती मायचा हात धरून बाहेर आली.

"अगं, त्यातली एक बरी व्हती," साळूबाई म्हणाली.

"न्हाई. तसली न्हाई घ्यायची."

ऊन वर चढलं. मामा चौकाच्या अलीकडं गल्लीत अजमतभाईचं दुकान होतं. लांबट, बोळासारखं, छतापर्यंत खोकी रचलेली. अजमतभाई पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस, त्यानं साळूबाईला आधी बसायला स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं आणि मग विचारलं, "बोला माँजी, काय दाखवू?"

त्यानं सात-आठ जोड काढले. एक महाग, एक उघडी, एकीचा रंग भडक. अयोध्येची नजर मात्र वरच्या फळीवर गेली. मरून रंगाची बंद सँडल, पुढं निमुळती, बाजूला सोनेरी बकल, दोन बोटं टाच. ऐन पुष्पाबाईच्या सँडलीसारखी, उलट तिच्याहून देखणी.

"ती केवढ्याला?"

"ती होती अडीचशेची. एकच जोड राह्यलाय, म्हणून सव्वाशेला लावलाय. पण सहा नंबर हाय. माँजीला आठ लागंल, कमीत कमी सात."

"दाखवा तर."

अजमतभाईनं जोड काढला. साळूबाईनं पदरानं पाय पुसले आणि संकोचत आत घातले. पंजा अडला. तिनं जरा जोर केला, स्टुलाचा आधार घेऊन उभी राहिली, आणि टाच आत बसली. बकल शेवटच्या भोकात लागलं. आणि खरं सांगायचं तर पाय सुंदर दिसला. भेगा नाहीत, माती नाही, पसरलेली बोटं नाहीत. दुकानात जमिनीला टेकवून ठेवलेला आरसा होता, त्यात फक्त पाय दिसायचे. साळूबाई त्या आरशात बघत उभी राहिली, जणू दुसऱ्याच कुणाचे पाय बघतेय.

"माय, होतीय का?"

साळूबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. "होतीय की. बराबर बसली."

"नका घेऊ, ताई," अजमतभाई म्हणाला. "मला विकायचीच हाय, पण सांगतो. नंबर छोटा हाय. पाय कापंल. चार दिवसांनी माल येतोय, सात-आठमध्ये मागवून ठेवतो. बिलकुल अशीच."

चार दिवसांनी अयोध्येला शाळा होती आणि त्यापुढच्या रविवारी साखरपुडा. शिवाय नवी आली तर ती अडीचशेची असणार.

"वापरली की सैल होते ना?" तिनं विचारलं.

"थोडी होते. दोन नंबरानं न्हाई होत."

"होती म्हणती ना माय," अयोध्या म्हणाली आणि पर्स उघडली.

परत येताना साळूबाई ती सँडल घालूनच स्टँडपर्यंत चालली. आधी अडखळली, मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून टाचेचा टकटक आवाज करत चालायला लागली आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला. स्टँडबाहेर दोघींनी उसाचा रस घेतला. साळूबाई म्हणाली, "लग्नात माझ्या मायनं मला चांदीची जोडवी केल्ती. त्यानंतर पायासाठी आजच काहीतरी घेतलं बघ." अयोध्येला वाटलं, आपण मोठं काहीतरी केलं.

साखरपुडा चांगला झाला. मोरपंखी साडी, मरून सँडल. नातेवाइकांतल्या बायका साळूबाईला ओळखेनात. मंगल कार्यालयाच्या आवारात ती सकाळपासून उभी होती, पाहुण्यांना या-बसा करत, मुलाकडच्या बायकांना कुंकू लावत. पुष्पाबाईनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मनापासून म्हणाली, "विहीणबाई, सँडल छान घेतलीत हो. कुठून घेतली?"

"लेकीनं घेतली," साळूबाई म्हणाली. "पहिल्या पगाराची."

पगार पहिला नव्हता, पण अयोध्येनं दुरुस्ती केली नाही. तिची मान ताठ झाली होती. मायचा चेहरा उतरल्यासारखा वाटला एकदा, पण दिवसभराची दगदग म्हणून तिनं ते सोडून दिलं. पंगती उठल्यावर साळूबाई मागच्या ओट्यावर जाऊन बसली आणि सँडल न काढताच पाय लांब करून बसली. अयोध्या तिला बोलवायला आली तर म्हणाली, "चल, आले. जरा टेकले होते."

काढली नाही, कारण काढली असती तर पुन्हा घालता आली नसती, हे अयोध्येला फार नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी अयोध्या जांबला गेली. इकडं साळूबाईच्या उजव्या पायाच्या करंगळीला आणि टाचेला फोड आले होते. तिनं हळद भरली, चिंधी बांधली आणि स्लिपर घालून रानात गेली. गव्हाची कापणी चालू होती. फोड फुटला, चिंधी मातीनं भरली, तिनं नवी बांधली. दुखत नव्हतं, म्हणून काळजी वाटली नाही. कडूबानं एकदोनदा विचारलं तर म्हणाली, "फोडच हाय, वाळंल."

बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीत कडूबा शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. तो कधी जांबला आला नव्हता. मंठ्याहून परतूर, परतूरहून दुसरी गाडी करून आला होता. टोपी हातात धरून म्हणाला, "तुझ्या मायच्या पायाला जरा झालंय. घरी चलतीस का?"

"काय झालंय आण्णा?"

"वास येतोय," कडूबा म्हणाला.

घरी साळूबाई बाजेवर पडली होती, अंगात ताप. अयोध्येनं चिंधी सोडली. करंगळी काळी पडली होती आणि काळेपणा पंजावर चढत होता. आणि मायच्या डोळ्यांत दुखण्याचं चिन्ह नव्हतं, ती लेकीलाच विचारत होती, "शाळा बुडवून कामून आलीस?"

मंठ्याच्या डॉक्टरनं पाय बघितला, सुईनं पंजाला टोचून विचारलं, "लागतंय का?" साळूबाई म्हणाली, "कुठं?" त्यानं पुन्हा टोचलं, रक्त आलं, तिला कळलं नाही. मग त्यानं शुगर तपासली.

"शुगर केव्हापासून आहे?"

"कुठली शुगर?" कडूबा म्हणाला.

डॉक्टरनं अयोध्येला बाजूला घेतलं. कित्येक वर्षांची असेल, म्हणाला. हळूहळू पाय बधिर होतात, जखम कळत नाही, भरत नाही. "हे नेमकं कशानं झालं? काही लागलं होतं का?"

"माहीत न्हाई," ती म्हणाली.

जालन्याला एक रात्र, तिथून औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात. आधी करंगळी काढली. चार दिवसांनी पंजा. त्यानंही थांबलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून काढला तर जीव वाचेल. कागद पुढं आला तेव्हा कडूबानं अयोध्येकडं बघितलं. त्याला सही यायची, पण तो म्हणाला, "तू कर. तू शिकलेली हायेस." अयोध्येनं सही केली. फळ्यावर रोज अक्षर गिरवणाऱ्या तिला स्वतःचं नाव दोनदा लिहावं लागलं.

ऑपरेशननंतर आठवड्यानं, दुपारची, वॉर्डात पंखा नुसता कुरकुरत होता. साळूबाई उशीला टेकून बसली होती. चादरीखाली एका बाजूला उंचवटा होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. अयोध्या तिला मोसंबीच्या फोडी सोलून देत होती. बरेच दिवस मनात असलेलं तिनं विचारलं.

"माय, दुकानात तुला कळलं होतं ना? लहान हाय म्हणून?"

साळूबाईनं फोड चघळली, बी तळहातावर काढलं. "बोटं आत दुमडली ते कळलं होतं."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"दुखलंच न्हाई गं. दुखलं असतं तर म्हणले असते. म्हणलं, दुखत न्हाई तर काय बिघडलं?" मग ती म्हणाली, "अन् तू कशी बघून राह्यली होतीस माझ्याकडं. इतकी खुशीत. पाहुणे आल्ते त्या दिवशी तू माझ्या पायाकडं बघितलं न्हवतंस का? ते मला दिसलं होतं."

अयोध्येच्या हातातली फोड खाली पडली. माय त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसली होती, म्हणून तिला वाटलं होतं की मायला काहीच कळलं नाही.

"रडू नको," साळूबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणत्यात काट्यानंबी झालं असतं. रानात काटे काय कमी हायेत?"

"काट्यानं न्हाई झालं पण."

"न्हाई झालं," साळूबाई म्हणाली. लेकीची समजूत काढायला ती खोटं बोलली नाही. नुसता हात पुढं करून तिच्या गुडघ्यावर ठेवला, आणि दोघी तशाच बसून राहिल्या, शेजारच्या खाटेवरची बाई बघत असतानाही.

लग्न वैशाखातच झालं. पुष्पाबाई दवाखान्यात दोनदा येऊन गेली होती. दुसऱ्या वेळी डबा घेऊन आली आणि जाताना पायरीवर उभी राहून रडली. संपतनं लग्न पुढं ढकलू म्हटलं, पण साळूबाईच नाही म्हणाली. मंठ्यात दारापुढं मांडव घातला. मंगलाष्टकं चालू असताना सगळे उभे राहिले, तेव्हा साळूबाई खुर्चीवर बसून होती. माणसांच्या पाठींमुळं तिला लेक दिसत नव्हती. कडूबानं ते बघितलं आणि पुढच्या चार जणांना हातानं बाजूला केलं. तेवढ्या फटीतून साळूबाईनं अक्षता टाकल्या. त्या पोचल्या नाहीत.

सँडल तिनं शेजारच्या चाँदबीच्या मुलीला देऊन टाकली. "नवीच हाय, एकदाच घातली. फेकायची कशाला?" पोरीच्या पायाला ती बरोबर बसली. आषाढात अयोध्या माहेरी आली असताना ती पोर सँडल घालून बाजाराला निघालेली दिसली, टकटक आवाज करत. अयोध्या घरात गेली आणि काही काम नसताना माठ घासायला बसली.

लग्नानंतर नोकरी सुटली नव्हती. ती आठवडाभर जांबला आणि रविवारी जालन्याला, अशी राहायची. आता दर शनिवारी शाळा सुटली की ती मंठ्याला यायला लागली. डॉक्टरनं उरलेला पाय रोज बघायला सांगितला होता, बोटांच्या मधेही. शनिवारी ते काम अयोध्या करायची. मायचा डावा पाय मांडीवर घ्यायचा, कोमट पाण्यानं धुवायचा, कोरडा करायचा, तेल लावायचं. त्या पायावर खुरप्याचा जुना वण होता. साळूबाई सांगायची, तू पोटात होतीस तेव्हाचा. एक नख लहानपणीच गेलेलं, बैलाचा पाय पडून. बावीस वर्षं त्या घरात राहून अयोध्येला यातलं काहीच माहीत नव्हतं. तेलानं भेगा भरून आल्या. दिवाळीपर्यंत टाच लहान पोराच्या गालासारखी मऊ झाली. साळूबाई म्हणायची, "आता एकच उरला, अन् आता चांगला झाला."

पण शुगरनं आतून पोखरलं होतं. दिवाळीनंतर अंगावर सूज आली, लघवी कमी झाली, आणि पौषात एका दुपारी, बाजेवर ऊन खात असताना, साळूबाई गेली. कडूबा तिच्यासाठी चहा घेऊन आला होता. त्याला वाटलं झोपली, म्हणून त्यानं कप खाली ठेवला आणि तिच्या उठण्याची वाट बघत बसला.

चौदावा झाला, पाहुणे पांगले. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर अयोध्या सवयीनं परतूरच्या गाडीत बसली. मंठ्याला उतरून घरी आली तर कडूबा चुलीपुढं भाकरी थापत होता. भाकरी जाड झाली होती, एका बाजूनं करपली होती. तिनं पिठाची परात आपल्याकडं ओढली आणि पुढच्या दोन तिनं केल्या. जेवताना ती म्हणाली,

"आण्णा, ती सँडल दोन नंबरानं लहान होती. दुकानदारानं घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई."

हे तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, संपतलाही नाही.

कडूबाचा घास हातातच राहिला. मग त्यानं घास ताटात ठेवला, हात धुतला आणि बाहेर गेला. गोठ्यात वैरण टाकल्याचा आवाज आला, म्हशीला पाणी दाखवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज आला नाही. अयोध्या ताटापुढं बसून राहिली. आपण सांगायला नको होतं का, तिला कळेना. सांगून हलकंही वाटत नव्हतं.

दिवस मावळायला आला तसा कडूबा आत आला. डोळे लाल होते. तिच्याकडं न बघता त्यानं खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा तिथंच अडकवली.

"जेवली न्हाईस तू," तो म्हणाला.

"तुम्हीबी न्हाई जेवले."

तो खाली बसला. ताट पुढं ओढलं. गार झालेली भाकरी त्यानं मोडली, अर्धी तिच्या ताटात टाकली आणि अर्धी स्वतः घेतली.

"पुढच्या शनिवारी येशील ना?" त्यानं विचारलं.

"येते, आण्णा," अयोध्या म्हणाली.